गुलाबरावांची पोलोवाली घोडी

गुलाबरावांना कुणी नुसतं 'कसं काय?' विचारलं, तरी ते इराणपासून सुरुवात करतात.

"बाप्पा, थे लोक घोड्यावर बसून काठीनं चेंडू हानत. चौगान म्हनत त्याले. मंग थो खेळ इकडे आला. दिल्लीचा एक सुलतान तर खेळता खेळता घोड्यावरून पडून मेला!"

हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळतो, की सुलतान मेल्याचं ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं.

अकोल्याहून पातूरकडे जाताना त्यांचं नि माझं शेत धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून आहे. माझी तूर, त्यांचा झेंडू आणि शेवंती. लग्नाचे हार तेच पुरवतात आणि नवरदेवाला घोडीही त्यांचीच. घोडीचं नाव बिजली. दुपारी ती वरातीला जाते, संध्याकाळी पोलो खेळते. साठी ओलांडलेले गुलाबराव धोतर खोचून तिच्यावर बसतात आणि बांबूच्या मुळीचा चेंडू लांब काठीनं माझ्या तुरीत मारतात. बिजली चेंडूमागे, आणि तुरीच्या काळजीनं मी बिजलीमागे.

एकदा मी वैतागून म्हणालो, "काहून हो, हा गोऱ्या साहेबांचा खेळ आपल्याले कशाले?"

झालं! काठी खाली ठेवून त्यांनी मला धुऱ्यावर बसवलं.

"साहेबाचा? मनिपूरचा हाय थो! सगोल कांगजेई. सगोल म्हंजे घोडा. चहाच्या मळ्यातल्या साहेबानं पायला, शिकला, नियम लिवले अन् विलायतेले घेऊन गेला. पोरगी मनिपूरची, मिरवून राहिले दुसरेच! अन् आपल्या पळसाले कमी समजू नका. मोगल बादशाह पळसाचे चेंडू पेटवून अंधारात खेळे."

मी माझ्या तुरीकडे पाहिलं आणि बादशहाचा मुक्काम आमच्या शिवारात नव्हता याबद्दल देवाचे आभार मानले.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याचं लग्न होतं. घोडी अर्थात बिजलीच. मांडव समोर दिसत होता, बँड रंगात आला होता. व्याह्यांनी नवरदेवावरून नारळ ओवाळला आणि फोडायला हात उचलला, तोच तो निसटला. रस्ता उताराचा. नारळ गडगडत निघाला.

बिजलीनं कान टवकारले.

पुढचं सगळं फार लवकर घडलं. नारळ पुढे, बिजली मागे, तिच्या मानेला मिठी मारून पुतण्या, आणि सर्वांत मागे टोपी हातात घेऊन पळणारे गुलाबराव. नारळ मांडवाच्या दोन खांबांमधून आत गेला. पाठोपाठ बिजली.

"गोल!" गुलाबराव ओरडले.

वऱ्हाडात वेळेच्या आधी मांडवात पोचलेला हा पहिलाच नवरदेव असावा. कुणाला खरचटलंही नाही, नवरी तर हसून हसून खाली बसली. पण व्याही तापले होते, म्हणून मी गुलाबरावांना चार शब्द सुनवायला मांडवामागे गेलो.

ते फुलांच्या रिकाम्या टोपलीवर बसून फोनवर बोलत होते. फोनमधून कुणीतरी खदखदून हसत होतं. मला पाहून त्यांनी तो ठेवला.

"पोट्टा हाय माहा. इंफाळले नोकरीले." ते जरा ओशाळले. "त्याची माय गेली तवापासून फोनवर आमच्यापाशी बोलाले गोठच नसे. 'जेवले का, बाबा?' 'जेवलो.' संपला फोन. एक डाव थो म्हने, इथं घोड्यावरचा खेळ पायला. म्या इचारलं, कसा असते? तर घंटाभर बोलला! मंग म्या ठरवलं, ह्या खेळाचं जे सापडंन थे वाचाचं. दर फोनले त्याले इचाराले काई तरी पायजेन ना?"

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"बाबा, माझे मित्र आलेत. सगळं पुन्हा सांगा. नारळ कोणाच्या हातातून सुटला?"

गुलाबराव टोपलीवर सरसावून बसले. मी त्यांचं ताट तिथंच वाढून आणायला निघालो.