साडीराज्यातील सुतकाची हकीकत

श्रीगजाननास नमन, कुलदेवतेस नमन, आणि काउंटरामागे उभ्या असलेल्या सर्वांस नमन. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, ऐन लग्नसराईत जे वर्तमान जाहले ते ऐसे.

एक साडीराज्य होते. तेथील धनी रावसाहेब थोर मायाळू. नोकर हा शब्द त्यांस सोसत नसे. "आपण सारी एका घरची माणसं," ऐसे नित्य वदत, आणि घरच्यांस नेमणूकपत्र कशास म्हणून ते कोणास दिले नाही, आणि घरच्यांस आठवड्याची सुट्टी कशास म्हणून तीही दिली नाही. मग रत्नप्रभाबाई, बावीस वर्षे उभ्याने साड्या उलगडणाऱ्या, तापाने फणफणल्या आणि एक दिवस घरी निजू द्या म्हणाल्या. रावसाहेब हसून वदले, "अहो, लग्नसराईत घरची बाई निजते होय?" मग बाई कामास आल्या, आणि दोन दिवसांनी वारल्या. रावसाहेबांनी हार पाठविला, डोळे पुसिले, आणि दुकान वेळेवर उघडिले.

हौसाबाई म्हणून दुसरी विक्रेती, तिने सुट्टीसाठी कामगार खात्याकडे मागेच तक्रार केली होती. सरकारी चालीप्रमाणे अधिकारी आता आले. रावसाहेबांनी त्यांस चहा देवविला आणि वदले, "इथे नोकर कुणी नाहीच साहेब, सारी घरची. घरात कसला सुट्टीचा कायदा?" अधिकारी कागद मागत, आणि कागद कोठेच नव्हता.

"घरची म्हणे!" हौसाबाई पुटपुटली. "घरच्या सुनेला निदान माहेर तरी असतं."

तों मयत बाईंची कन्या आईच्या वस्तू न्यावयास आली, आणि सुतकामुळे उंबऱ्याबाहेरच उभी राहून हे सर्व ऐकती जाहली. मग ती शांतपणे म्हणाली, "काका, आज चौथा दिवस. आई घरची होती, तर सुतक धरा. दहा दिवस दुकान बंद ठेवा."

रावसाहेब गादीवरून ताडकन उठले. "वेड लागलं का गं तुला? लग्नसराईत? तिचं आमचं नातं काय? पगारी नोकर होती ती! या सगळ्याच पगारी नोकर आहेत!"

अधिकाऱ्यांनी कप खाली ठेविला आणि हा जबाब लिहून घेतला. "ठीक. मग प्रत्येकीला नेमणूकपत्र, आणि आठवड्याला एक सुट्टी."

पुढील सोमवारी हौसाबाई दुपारपर्यंत निजली.

एवंच, धनी घरचे म्हणू लागल्यास नम्रपणे सुतकाचा विषय काढावा. राज्यात नोकर उत्पन्न जाहले, सर्वांस आनंद जाहला. सुतक कन्येने एकटीने धरिले.