झोक्याची उजवी बाजू

सुंदरबाई गेल्या आणि साक्रीच्या निंबा सरांचा झोका डावीकडे कलला. दुसऱ्या कुणाच्या घरातला झोका असा कलला नसता. पण सरांनी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात घातला होता, आणि बल म्हणजे काय ते पोरांना डोळ्यांनी दिसावं म्हणून धुळ्याच्या भंगार बाजारातून सारख्या स्प्रिंगा आणून झोक्याच्या कड्यांत अडकवल्या होत्या. ज्या बाजूला वजन जास्त, ती स्प्रिंग जास्त ताणली जायची आणि फळी तिकडे झुकायची. पोरं शिकून गेली, स्प्रिंगा तिथेच राहिल्या. रोज संध्याकाळी डावीकडे सर आणि उजवीकडे गोधडीची घडी घालून तिच्यावर सुंदरबाई बसत, आणि झोका सरळ राही.

आता सर एकटेच डावीकडे बसत आणि फळीवरून घसरत. मधे बसलं की प्रश्न मिटत होता. पण मधे बसायचं म्हणजे सुंदरबाईंची अर्धी जागा घ्यायची, आणि ते सरांच्याने होत नव्हतं.

शेवटी त्यांनी उपाय काढला. धान्याच्या दुकानातून पोतंभर गहू आणला, अगदी सुंदरबाईंच्या आजारापूर्वीच्या वजनाइतका, आणि पोतं त्यांच्या गोधडीवर ठेवलं. सर डावीकडे बसले. तर झोका थोडासा उजवीकडे कलला.

"तुझा काटा खोटा आहे," सरांनी दुकानदाराला जाऊन सांगितलं.

"सर, जास्तीचाच गहू गेला असेल तर तुमचा फायदा झाला ना?"

"फायद्याचा प्रश्न नाही. तोलाचा आहे."

दुकानदाराने पोतं परत मोजलं. वजन बरोबर निघालं, आणि सरांशी त्याचं बोलणं बंद झालं. सरांनी मग स्प्रिंगेला दोष दिला आणि विषय सोडला. झोका घेताना पोतं पडायचं, म्हणून ते साखळीला बांधलं. सुतळी हाताशी नव्हती, सुंदरबाईंचं हिरवं लुगडं होतं. बांधून उरलेला पदर पोत्याच्या तोंडावर पडला, तो सरांनी काढला नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला लाइट गेली, आणि शेजारच्या शेवंताबाई आपला वरवंटा परत मागायला आल्या. दारातूनच त्यांना झोक्यावर हिरवं लुगडं आणि डोक्यावर पदर दिसला. त्या आल्या पावली मागे फिरल्या. लाइट येईपर्यंत गल्लीला कळलं होतं.

"सुंदरअक्का बठेल शे झोकावर. मी मन्हा डोयाघाई देखं."

सरांनी जमलेल्या बायांना पोतं दाखवलं, बल समजावलं, गुरुत्वाकर्षण समजावलं.

"पोतं शे, त त्यानावर पदर कसाले टाका?" शेवंताबाईंनी विचारलं.

गल्लीत दोन तट पडले. अक्का आल्यात असं मानणाऱ्या बाया गहू मागायला येऊ लागल्या. श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट जवळ आले होते, आणि अहेव, कुंकवानिशी गेलेल्या बाईच्या हाताखालचा गहू रोटात मिसळायला कुणाला नको असतो? एकेक मूठ जाऊ लागली. न मानणारे लोक सरांचं डोकं ठिकाणावर आहे का ते पाहायला येत. दोन्ही तटांना चहा द्यावा लागे. एवढी ये-जा होऊनही सर काही जागचे हलले नाहीत. वस्तू जागची हलली नाही तर काम शून्य, असं त्यांनीच शिकवलं होतं. साखर मात्र संपली.

कुणीतरी जळगावला फोन केला. पाइपच्या कारखान्यात नोकरीला असलेला सरांचा मुलगा योगेंद्र रविवारी गाडी घेऊन दारात उभा राहिला.

"नाना, बॅग भरा. माझ्याकडे चला."

"तुझ्या फ्लॅटमध्ये झोका लागत नाही."

"झोका राहू द्या. गल्ली काय बोलते ते ऐकलंत का? आणि एकटेच आहात, तर मधे बसा ना सरळ."

सर झोक्यावर बसले. मुठी-मुठीने पोतं अर्धं झालं होतं, झोका डावीकडे कलला. सर थोडे मधे सरकले आणि फळी सरळ झाली.

"एका बाजूचं वजन घटलं की जड असेल त्याने मधे सरकायचं. तुला आठवीत शिकवलंय," सर म्हणाले. मग आवाज खाली आला. "तुझी आई आजारात वाळत चालली होती ना, तेव्हा मी असाच सरकायचो. रोज थोडं थोडं. झोका कलला तर तिला कळेल, म्हणून. ती म्हणायची, म्हातारपणी लाडात आलात."

योगेंद्रने गाडीची किल्ली खिशात टाकली.

"मधे काही दिवस सरकावं लागलंच नाही. मला वाटलं, वजन धरलं तिने. तुला फोन केला होता बघ."

"आई सुधारतेय म्हणालात."

"हो."

शेवंताबाई मघापासून दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, पोत्याला हात जोडले, आणि त्याच्या खालच्या गोधडीच्या घडीत हात घालून त्यांनी काळा, गुळगुळीत वरवंटा बाहेर काढला.

"अक्कानी मांगा व्हता," त्या खाली बघत म्हणाल्या. "म्हने, शेवंता, झोका कलना की त्यासनं तोंड उतरस. यो मन्हाखाल ऱ्हाऊ दे. कोनले सांगू नको."

सरांनी वरवंटा हातात घेतला. दुकानदाराचा काटा खरा होता, स्प्रिंगही खरी होती. सुधारल्याचे ते दिवस तेवढे खोटे होते. दोघं एकाच फळीवर बसून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपल्याला जमतंय. सर लहान मुलासारखे रडले. सुंदरबाई गेल्या त्या दिवशीही ते असे रडले नव्हते.

मग ते म्हणाले, "शेवंताबाई, पोतं घेऊन जा. गल्लीत वाटा रोटाला."

"आनि वरवंटा?"

सरांनी तो छातीशी धरला होता.

"ऱ्हाऊ द्या," शेवंताबाई म्हणाल्या. "मन्हं मिक्सरवर भागस."

योगेंद्रने पोतं उचलून त्यांच्याकडे पोचवलं. परत येऊन त्याने छतातल्या कड्यांकडे पाहिलं.

"नाना, माझ्याकडे हॉलच्या स्लॅबला हूक ठोकून घेतो."

"चार लागतात," सर म्हणाले. "आणि स्प्रिंगा याच न्यायच्या."

त्यांनी वरवंटा गोधडीच्या घडीत होता तसा ठेवला आणि डावीकडे बसले. झोका कलला. ते सरकले, आणखी सरकले, फळी सरळ होईपर्यंत सरकत राहिले. थांबले तेव्हा ते जवळजवळ मधेच बसलेले होते, जेमतेम दोन बोटं डावीकडे.