हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी

नोंदणी कार्यालयातल्या विवाहाच्या खिडकीवर सात महिन्यांत एक माणूस फिरकला नव्हता. युद्ध पेटलं त्या आठवड्यात इथे रांग लागली होती. जाण्याआधी लग्न उरकून घ्यायला पोरं धावत आली होती. दहा महिन्यांनी शेजारच्या जन्माच्या खिडकीवर तीच रांग लागली. मग दोन्हीकडे शुकशुकाट. तिसऱ्या खिडकीबद्दल न बोललेलंच बरं.

विवाहाचा कारकून चव्वेचाळीस वर्षांचा आणि स्वतः बिनलग्नाचा. जन्माच्या खिडकीवर एक बाई बसायच्या, त्याही एकट्या. कार्यालयात त्यांना सगळे ‘विवाह’ आणि ‘जन्म’ अशीच हाक मारत. नऊ वर्षं शेजारी बसून दोघांचं बोलणं काय, तर “टाचण्या आहेत का?” आणि “घ्या.” पण त्या टाचण्यांसाठी तो घरून निघायचा, हे खरं.

एका सकाळी साहेब म्हणाले, “अहो विवाह, उद्या वरून तपासणी आहे. नोटिशीचा फळा रिकामा दिसला तर तुमची खिडकी बंद. तुम्ही गोदामात.”

गोदामात टाचण्या मागायच्या कुणाकडे? त्याने नियोजित विवाहाचा एक अर्ज काढला. खोटं नाव लिहिणं गुन्हा, म्हणून वराच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. वधूच्या रकान्याशी पेन अडलं. बाईला न विचारता बाईचं नाव कसं लिहायचं? रकाना कोरा ठेवून त्याने कागद फळ्यावर लावला.

तपासणीस कागद मोजायचे, पहिल्या नावापुढे वाचायचे नाहीत. “एक! शून्यावरून एक! अशा काळात तुम्ही स्वतः पुढे झालात, शाब्बास! एकतिसाव्या दिवशी मोठे साहेब येतील आशीर्वाद द्यायला.”

झालं! आता नवरी नाही म्हणावं तर खोट्या नोटिशीपायी नोकरी जाणार. सुटका एकच, कुणीतरी लेखी हरकत घ्यायची.

तो घरमालकिणीकडे गेला. “काकू, माझ्या लग्नाला हरकत घ्या ना!”

“मी? अरे, तुझ्या खोलीतून कधी बोलण्याचा आवाज आला नाही बाबा. कर लग्न!”

बहिणीला फोन केला, तर ती रडायलाच लागली. “दादा, कोण आहे रे ती?”

“ते अजून ठरायचंय.”

“काहीतरीच तुझं!” म्हणून ती आणखी रडली.

न्हाव्याने तर दाढी फुकट करून दिली. जो तो खूश. एवढ्या मोठ्या गावात त्याच्या लग्नाला अडवणारं एक माणूस नव्हतं. फळ्यावरचा कागद नीट वाचून नवरी कोण, असं विचारणारंही नव्हतं. रोज संध्याकाळी तो फळ्यासमोर उभा राहायचा, आणि त्याला फार एकटं वाटायचं.

तिसाव्या दिवशी, कार्यालय बंद व्हायला दहा मिनिटं असताना, शेजारून एक कागद सरकत आला. हरकतीचा अर्ज! खाली लिहिलं होतं, ‘वधूचा रकाना कोरा आहे.’

“वाचलो!” तो ओरडला. मग त्याचा चेहरा उतरला. “तुमच्या आज लक्षात आलं?”

“पहिल्याच दिवशी.” बाई टाचण्यांची डबी उगाच बंद-उघड करत होत्या.

“मग तीस दिवस थांबलात कशाला?”

“म्हटलं, भराल. रोज डबा धुवायला जाताना बघत होते.”

बाईंनी घड्याळाकडे बोट केलं. “हरकत मागे घेता येते. रकाना भरला तर. नऊ मिनिटं आहेत.”

तो धावत जाऊन फळ्यावरचा कागद काढून घेऊन आला. पेन उघडलं, टोक कोऱ्या रकान्यावर टेकवलं आणि थांबला. कानापर्यंत लाल होत त्याने विचारलं,

“अहो जन्म... तुमचं पूर्ण नाव काय हो?”

“नऊ वर्षं!” बाई म्हणाल्या. “आणा इकडे ते पेन.”