पठाण सर आणि पालथा फोन

नवा फोन हातात दिला की लोक त्याचा पडदा बघतात, कॅमेरा बघतात, किंमत विचारतात. पठाण सर तो आधी पालथा करतात. पाठीवरून अंगठा फिरवतात, चष्मा कपाळावर चढवून चारी कडा न्याहाळतात, आणि मग फोनवाल्याकडं असं बघतात की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपण हा कुठून तरी उचलूनच आणलाय.

"स्क्रू कुठं हाय?" सर विचारतात.

नांदूरघाटला एका लग्नात त्यांनी हे थेट नवरदेवाला विचारलं. अक्षता पडल्या होत्या, आम्ही भेटायला स्टेजवर चढलो होतो. नवरदेवानं कौतुकानं आपला नवा फोन सरांच्या हातात दिला.

"बॅटरी निघती का ह्याची?"

"न्हाई सर. आता कोनच्याच फोनची निघत न्हाई."

"मंग बिघडल्यावर?"

"कंपनीकडं द्यायचा."

"म्हंजे फोन त्यांचाच हाय. तुला नुसता सांभाळायला दिलाय."

तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "सर, जरा हसा." त्या फोटोत नवरा-नवरीसकट सगळे हसतायत आणि मधोमध सर पालथा फोन धरून रागानं कॅमेऱ्याकडं बघतायत. त्या घरच्या अल्बममध्ये तो फोटो अजून आहे.

पठाण सर खरं तर सर नव्हेत. वडवणीच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते. परीक्षानळ्या धुणं, बेडूक मोजून ठेवणं हे त्यांचं काम. शाळेत संगणक आले तेव्हा सगळेच त्यांना घाबरले. खोलीला पडदा लावला, दारावर "चप्पल बाहेर काढा" लिहिलं, आणि हेडमास्तरांनी कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती खोली उघडायची. शिपाई मामांनी पहिल्याच वर्षी बारा मशीनना हार घातले आणि हात सैल सोडून हळद-कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी चार मशीन सुरूच होईनात.

सरांनी स्क्रू काढून पत्रा उघडला. आतला पंखा पिवळाधमक झाला होता.

"हत्याराची पूजा म्हंजे त्याच्या नाकात हळद कोंबायची का?" सर शिपाई मामांवर कडाडले. "तुमी कुळव पूजता तवा आदी धुता का न्हाई? मंग ह्याला कावून न्हाई धुतलं?"

तेव्हापासून आमच्या शाळेची खंडेनवमी बदलली. सर बाराही मशीन उघडायचे. एका पोरानं स्क्रू वाटीत ठेवायचे, एकानं फडकं मारायचं. ब्रशनं धूळ झटकायचं काम माझ्याकडं होतं. सगळं परत बसवलं की प्रत्येक मशीनवर एकेक झेंडूचं फूल, बाहेरून. त्या दिवशी मी संगणकाचं पोट पहिल्यांदा बघितलं आणि मला हायसं वाटलं. आत भिण्यासारखं काही नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मीच पहिला. मोठ्या गोष्टी उघडून बघता येतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं मशीनवरच्या विकतच्या प्रणालीची मुदत संपली. पडदा काळा व्हायला लागला आणि "पुन्हा खरेदी करा" असं सांगायला लागला. सर त्यावरून आठवडाभर धुमसत होते. मग बीडहून कुणाकडून तरी एक डिस्क घेऊन आले आणि बाराही मशीनवर लिनक्स घातलं. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणालीच, फक्त ती जगभरच्या लोकांनी मिळून केलेली. कुणीही उघडून बघावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. सर आम्हाला ते त्यांच्या पद्धतीनं सांगायचे.

"भजनासारखं हाय बे. ज्याला येतं त्यानं म्हनावं. ज्याला सुचल त्यानं चाल बदलावी. दारात बसून कुनी तिकीट फाडत न्हाई."

मी बारावीनंतर बीडला शिकायला गेलो, तेव्हा सरांनी तीन बंद पडलेल्या मशीनमधून एक चालणारं मशीन जोडून दिलं. त्याचं बटण तुटलं होतं, दोन तारा एकमेकींना टेकवून ते सुरू करावं लागायचं. त्याच मशीनवर मी बीएस्सी झालो. नोकरी लागल्यावर पहिला लॅपटॉप घेतला आणि दुकानदाराकडून त्यात विकतची सगळी सॉफ्टवेअर फुकटात, म्हणजे चोरून, भरून घेतली. आनंदानं सरांना दाखवायला गेलो.

सरांनी लॅपटॉप पालथा केला. स्क्रू होते, तेवढ्यावर समाधान मानलं. मग उघडून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"चोरीबी करायची आन गुलामीबी?" ते म्हणाले. "एक कायतरी धर ना बे."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवर लिनक्स आलं. मला विचारलं नव्हतं. चहा मात्र दोनदा पाजला.

निवृत्त झाल्यावर सरांचा बराच वेळ बसस्टँडसमोर, आसाराम बप्पांच्या हॉटेलात जायला लागला. तिथं त्यांचा एकच प्रश्न असतो. कुणी फोनवर काहीही सुरू करताना "मान्य आहे" दाबलं, की सर शेजारच्या बाकावरून विचारतात, "वाचलं का?"

कुणीच वाचलेलं नसतं. एकदा एका गिऱ्हाइकानं टॉर्चचं अॅप घेतलं. सरांनी त्याचा फोन काढून घेतला आणि अॅपच्या अटी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. त्याची गेवराईची एसटी निघून गेली तरी वाचन चालू होतं.

"इथं लिवलंय, ह्याला तुझ्या फोनमधली सगळी नावं-नंबर पायजेत. उजेड पाडायला ह्याला तुझ्या मावशीचा नंबर कावून पायजे? मावशी काय कंदील धरनार हाय?"

सगळं हॉटेल हसलं. बप्पा कप पुढं सरकवत म्हणाले, "सर, चहा घ्या. का आदी ह्याच्याबी अटी वाचू?"

"चहाला काय वाचायचं? तुमी दूध कमी घालता, ते समद्यांसमोर घालता. ह्या अॅपवाल्यांपेक्षा तुमी बरे."

झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रिंटरचा किस्सा तर तालुक्यात माहीत आहे. काळी शाई काठोकाठ भरलेली, पण पिवळी संपली म्हणून प्रिंटर काळी अक्षरंही छापीना. सरांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला विचारलं, "बाई, घरातली हळद संपली म्हनून मी मीठ खायाचं सोडू का?"  ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, आमच्या ऑफिसातला पण असंच करतो." सर तिला म्हणाले, "मंग तू तिथं कशाला बसलीस? उघड त्याला."

लोक हसतात. हसू देत, मीही हसतो. पण मला चीड कशाची येते, तर दुपारी ज्यांनी त्यांची नक्कल केली, तेच संध्याकाळी बंद पडलेला लॅपटॉप पोत्यात गुंडाळून त्यांच्या दारात उभे असतात. सर दुरुस्त करतात, शिव्या घालतात आणि उघडलेलं मशीन समोर धरून समजावून सांगतात. दुरुस्ती सगळ्यांना हवी असते. समजून कुणालाच घ्यायचं नसतं. "सर, तेवढं चालू करून द्या, बाकी ऱ्हाऊ द्या," असं म्हणतात. मला वाटतं, याहून मोठा अपमान सरांचा कुणी करू शकत नाही.

मी स्वतःही सरांवर एकदा चिडलो. ते सांगायलाच हवं.

सरांची एकुलती एक मुलगी नसीमा चेन्नईला असते. जावई तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात आहे. चाची, म्हणजे सरांची बायको, गेल्यापासून सर इथं एकटेच राहतात. नसीमाची मुलगी झोया पाच वर्षांची आहे आणि तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांच्या खुणांनी बोलते. सरांचा फोन बटणांचा, पाठीला झाकण असलेला. त्यावर आवाज जातो, हात जात नाहीत. आणि व्हिडिओवर बोलायचं जे अॅप साऱ्या जगाकडं आहे, त्याच्या अटी सरांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या होत्या आणि "मान्य नाही" म्हणून सोडून दिल्या होत्या.

त्यांनी स्वतःची व्यवस्था उभी केली. स्वयंपाकघराच्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी, जुन्या भागांचं एक मशीन ठेवलं आणि त्यावर खुल्या सॉफ्टवेअरनं व्हिडिओची सोय केली. तिथं नसीमाचं आणि त्यांचं, दोनच खाती. "मधी कुनी न्हाई," सर मला अभिमानानं म्हणाले. "माजं घर आन तिचं घर." जुन्या लॅपटॉपसमोर बसून ते खुणा शिकले. दर रविवारी मला चाचणीसाठी बोलवायचे. मी बसस्टँडवरून लॅपटॉप लावायचा, त्यांनी घरातून हात हलवायचा.

आवाज छान यायचा. चित्र मात्र अडखळायचं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, आपण ऐकून निभावतो. झोयाचं सगळं बोलणंच चित्रात. सरांचा हात उचललेला तसाच थांबायचा, आणि पुढची खूण येईपर्यंत मधल्या चार गेलेल्या असायच्या. एकदा नसीमाचा मला फोन आला.

"अंगदभाऊ, अब्बांना तुम्हीच समजावा. आज पुन्हा चित्र थांबलं. ती थांबलेल्या हाताकडं किती तरी वेळ बघत बसली. हात लावून बघितला. मग उठून गेली. आता रविवारी यायलाच तयार नाही. आजोबा बोलत नाहीत, म्हणते."

मी तडक सरांकडं गेलो. ते फळीवरचं मशीन उघडून बसले होते.

"सर, ते अॅप घ्या. माझ्या फोनवर आत्ता लावून देतो."

"न्हाई."

"झोया येत नाही म्हणतीय."

"नसीमानं सांगितलं मला." सरांनी वर बघितलं नाही. "आपल्या मानसाशी बोलायला तिसऱ्याची परवानगी लागती, हे शिकवू तिला? लाइनच हळू हाय. हुईल दुरुस्त."

"सर, ती पाच वर्षांची आहे. तुमची लाइन दुरुस्त होईस्तोवर ती तुम्हाला विसरेल."

हे मी बोलायला नको होतं. सरांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाले, "तू जा, अंगद." मला 'बे' म्हणाले नाहीत, यावरून काय ते कळलं.

पुढं कितीतरी रविवार त्यांनी मला बोलावलं नाही. बप्पांच्या हॉटेलात दिसले तर पेपर वर धरायचे. मला राग होता आणि लाजही वाटत होती. ज्यानं मला मशीनचं पोट उघडून दाखवलं, त्याला मी "तेवढं चालू करून घ्या, बाकी राहू द्या" असंच सांगायला गेलो होतो.

शेवटी एका रविवारी दुपारी आईच्या फोनचं बटण अडकल्याचं निमित्त करून मी गेलो. बटण मीच जरा दाबून ठेवलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता, म्हणून मी ढकललं.

सर पाठमोरे, चुलीपाशी स्टुलावर बसले होते. समोर फळीवरचं ते मशीन बंद होतं, आणि त्याला टेकवून एक नवाकोरा फोन उभा केला होता. चकचकीत, एका अखंड काचेचा. कुठूनही बघितलं असतं तरी त्याला स्क्रू नव्हता. पडद्यावर झोया होती आणि सर तिच्याशी बोलत होते. दोन्ही हातांनी, खांद्यांनी, भुवयांनी. त्यांना आवाज न करता बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. बहुतेक प्रिंटरचाच किस्सा चालला होता, कारण त्यांनी चिमटीनं मीठ टाकलं, तोंड वाकडं केलं आणि कमरेवर हात ठेवून कुणाला तरी दटावलं. झोया हसून लोळत होती. चित्र कुठंही थांबत नव्हतं.

मग तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. सर वळले. मला वाटलं, आता फोन पालथा करतील. त्यांनी केला नाही.

पडद्यावर झोयानं तीन बोटं एकत्र धरून हवेत फिरवली, पुन्हा फिरवली.

"मला बोलावती," सर म्हणाले. "स्क्रू ड्रायव्हर. माजं नाव हाय ते. तिनंच ठेवलंय."

मी काही तरी हलकं बोलायला गेलो आणि तोंडातून नको तेच आलं. "सर, वाचलं का?"

सर रागावले नाहीत. फोनकडं बघत म्हणाले, "ह्या बारीला न्हाई वाचलं. तिची आई म्हनली, जेवली की झोपती ती. वाचत बसलो असतो तर झोपली असती."

 सरांनी पायानं दुसरा स्टूल माझ्याकडं ढकलला.

"तू मातर वाचत जा बे," ते म्हणाले. "बस हितं. तू कोन, इचारती ती."

आणि ते विचारात पडले. माझं नाव बोटांनी कसं सांगावं, ते त्यांना सुचेना. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत एकदा न्याहाळलं, नवा फोन न्याहाळतात तसं. मग पडद्याकडं वळून हातात ब्रश धरल्यासारखं केलं आणि हळुवारपणे हवेतली धूळ झटकली.

चेन्नईत झोयानं तशीच झटकली.