बिरादारांचा चौकोन

मंगळवार, अष्टमी. मी बर्फाचा टेम्पो धूत होते आणि बिरादार जिन्यातून सांगत होते, "वहिनी, तुमचा टेम्पो आजही चुकला."

"सातपाटीच्या धक्क्यावर होता. बर्फ काय केळव्याच्या बागेत नेऊ?"

"'कुठे' बरोबर आहे. 'कधी' चुकलंय."

आमच्या बोईसरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बिरादार एकटेच राहतात. मूळचे उदगीरचे. त्यांना फोनवर साधं 'कुठे आहात?' विचारून बघा. "पालघर, सोमवार, दुपार, तळमजला," असं उत्तर येतं. नुसती जागा म्हणजे अर्धी माहिती, असं त्यांचं ठाम मत. वाण्याकडे उभे असले तरी मजला सांगतात.

माझा टेम्पो ज्या कारखान्याचा बर्फ नेतो, त्याच्यासाठी त्यांनी एक यंत्रणा केली होती. नकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला आकडा द्यायचा, त्याला वार आणि वेळ जोडायची. वेळेची सरळ रेघसुद्धा वाकवून घड्याळासारखी गोल केलेली. नाहीतर रात्री बाराच्या आधीचं आणि नंतरचं मिनिट यंत्राला एकमेकांपासून फार लांब वाटतं म्हणे. यातून यंत्र गाडीची सवय शिकतं. सवय मोडली की मोबाइल ओरडतो, "जागा ठीक नाही!" माझ्या टेम्पोवर तो रोज ओरडायचा. शेवटी कारखान्याच्या शेठचा निरोप आला: ड्रायव्हर भटकतोय, त्याला काढा.

ड्रायव्हर म्हणजे जगन, सातपाटीचाच. म्हणाला, "बाय, आमी काय करू? भरतीला होड्या धक्क्याला लागतात, तवाच बर्फ लागतो. भरती काय घड्याळ बघून येते? रोज पुढं सरकते ती."

माझं डोकं फिरलं. फडकं बादलीत आपटलं आणि ओल्या हातांनी वर गेले.

"बिरादार, वार घातलात, वेळ घातलीत. तिथी घातलीत?"

"तिथी? ती उपासाला असते ना?"

भरती तिथीवर चालते, समुद्र अर्ध्या तासावर, आणि हा माणूस एका गरिबाची नोकरी घालवून उपास मोजतोय! मी आणखी बोलणार होते. तेवढ्यात त्यांच्या नकाशावर आमच्याच इमारतीवर एक ठिपका दिसला.

"ही कोणाची गाडी?"

"गाडी नाही. मीच. तपासायला स्वतःचा मोबाइल जोडला होता. ऑफिस, खानावळ, घर." ते चष्मा पुसायला लागले. "माझ्यासाठी तो कधीच ओरडला नाही, वहिनी."

"उद्या सकाळी खाली या," मी म्हटलं. "आणि कधी, कितव्या मजल्यावर, ते विचारू नका."

नवमीच्या सकाळी त्यांना जगनच्या आणि माझ्या मध्ये कोंबून सातपाटीला नेलं. खाडी भरली होती, होड्या लागत होत्या. एक मावशी टोपली सांभाळत ओरडली, "ओ चष्मेवाले, वाटेत काय खांब होऊन उभे हाव?"

"आता शेठना फोन," मी म्हटलं. "जगनसमोर."

त्यांनी लावला. "सातपाटी, बुधवार, नवमी, भरती," ते म्हणाले. "ड्रायव्हर बरोबर आहे, शेठ. मी चुकलो."

फोन ठेवला आणि तो त्यांच्या हातातच ओरडायला लागला. "जागा ठीक नाही! जागा ठीक नाही!" धक्क्यावरची माणसं बघायला लागली. मी वैतागून बंद करायला हात पुढे केला.

त्यांनी फोन छातीशी धरला. "राहू द्या ना, वहिनी. जरा वेळ."

मी जगनबरोबर बर्फ उतरवायला गेले.