साडूचा एसी आणि तारेचा झोळ

साडूच्या दारात एसीचं खोकं उतरलं आणि समोरच्या घरात वायरमनच्या घशाखाली चहा उतरेना. वीस वर्षं खांबांवर चढून सगळ्या गल्लीला वीज पोचवली त्याने, आणि तिचा गारवा खाणार कोण, तर बायकोच्या बहिणीचा नवरा. दिवसभर दुकानात बसून लोकांच्या नाकावर चष्मे बसवणारा माणूस!

"तारा तुम्ही सांभाळा," बायको कप उचलत म्हणाली, "गारवा धाकटीकडे."

वायरमन तसाच उठला आणि साडूकडे जाऊन त्याने खोकं उघडायला मनाई केली. प्रत्येक तारेची वीज वाहायची एक ताकद असते, असं त्याने बजावलं. त्यापुढे भार टाकला की तार तापते, तापली की लांबते, लांबली की झोळ पडून खाली लोंबते. मग खालून एखादा उंच टेम्पो गेला की गल्लीचा निकाल.

"तुम्ही म्हणाल तसं, साडूभाऊ," साडू म्हणाला.

भांडायचीसुद्धा सोय ठेवली नाही, म्हणून वायरमन आणखीच जळला.

मेव्हणी मात्र इतकी गरीब नव्हती. तिने थेट वीज कचेरीत अर्ज टाकला. बुधवारी दुपारी साहेब स्वतः येऊन गल्लीची तार तपासणार, असा निरोप आला.

आता पंचाईत अशी, की तार चांगली ठणठणीत होती. दोन एसी सहज ओढले असते तिने. साहेबांनी ती ताठ बघितली असती, तर वायरमनला बायकोसमोर तोंड दाखवायला जागा उरली नसती. तेव्हा तार लोंबायलाच हवी होती.

बुधवारी सकाळी त्याने गीझर लावला, विजेची शेगडी लावली, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या दोन इस्त्र्या लावल्या आणि भर उन्हाळ्यात माळ्यावरचा हीटर काढून तोही लावला.

"अहो, हे काय चाललंय?" बायकोने पदराने तोंड पुसत विचारलं.

"तपासणी आहे," तो म्हणाला.

तार हळूहळू उतरू लागली. अकराला ती हातभर खाली आली. साडेअकराला तिच्यावर बसलेल्या कावळ्याने आधी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि शेवटी जागाच बदलली. बाराला साहेब आले तेव्हा तिच्यावर चादर वाळत घालावी, इतकी ती खाली आली होती.

"म्हणूनच मी अडवत होतो, साहेब," वायरमन नम्रपणे म्हणाला. "तो एसी."

साहेब साडूच्या घरात शिरले. खोक्याची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. तारेला त्रास नको म्हणून आपण दोन दिवस पंखाही लावला नाही, असं साडूने घाम पुसत सांगितलं. साहेबांनी त्याच्या घराच्या वायरला वीज मोजायचा चिमटा मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. मग समोरच्या घराच्या वायरला लावला आणि आकडा दोनदा वाचला.

"हे घर कोणाचं?"

दारात उभ्या असलेल्या बायकोने नुसतं नवऱ्याकडे बोट केलं.

साहेबांनी जागेवरच हुकूम लिहिला. हे कनेक्शन आठ दिवस बंद, आणि एवढा भार उतरल्यावर समोरच्यांनी एसी खुशाल लावावा. त्या भागात वायरमन एकच, त्यामुळे कनेक्शन तोडायलाही तोच खांबावर चढला.

वरून त्याला सगळं नीट दिसत होतं. एसी भिंतीवर चढला. तार कणाकणाने वर आली. त्याची बायको उशी काखेत मारून धाकटीकडे गेली आणि तिने मागे वळूनही बघितलं नाही. थोड्या वेळाने साडू बाहेर आला.

"साडूभाऊ, या की आता. मधली जागा ठेवलीय तुम्हाला, थेट झोतात."

वर अजून जरा काम आहे, असं वायरमनने कळवलं.

साडूने क्षणभर विचार केला. आत जाऊन त्याने खुर्ची आणि छत्री आणली आणि खांबाच्या बुडाशी उन्हात ठाण मांडलं. साडूभाऊ वर तापत असताना आपण आत गार बसणं शोभत नाही, म्हणाला.

वायरमनने दातओठ खात एक घट्ट नट आणखी घट्ट केला.