मन्मथअप्पांची खरखर

मन्मथअप्पांच्या खिशात कायम रेडिओ असतो आणि त्यावर चुकून गाणं लागलं की ते खवळतात. "माझी खरखर कुठं गेली?"

वीज उपकेंद्रांच्या चाचणी पथकात अप्पा माझे वरिष्ठ. घराण्यात इंजिनिअर झालेला मी पहिलाच, पण आमचं काम आईला समजावताना माझीही बोबडी वळते. म्हणून अप्पांच्याच शब्दांत सांगतो. ब्रेकर म्हणजे मोठ्या लाइनचं बटण. ते उघडताना आतले संपर्क सुटतात, पण वीज लगेच तुटत नाही. मधे क्षणभर ठिणगी जळत राहते. ती किती वेळ जळली, ते आम्ही मोजतो. "पाव्हणा उठला म्हंजी गेला न्हाय," अप्पा म्हणतात. "उंबऱ्यात किती येळ बोलतोय, ते बघायचं."

मोजायला यंत्र आहे. पण ठिणगी पेटली की जवळचा रेडिओही खरखरतो, आणि ते ऐकल्याशिवाय अप्पा सही करत नाहीत. आमच्या घरी जेवायला आले, तर आईनं मिक्सर लावताच रेडिओ कानाला! "वैनी, कार्बन झिजलाय ह्याचा."

परवा ढोकीच्या पुढं एका उपकेंद्रात शेतीपंपांच्या लाइनचा ब्रेकर तपासला. ठिणगी फार लांबत होती. असा ब्रेकर कधीतरी फुटतो, आणि ऑपरेटर उस्मानभाईंची रोजची वाट त्याच्याच शेजारून. अप्पांनी तो वापरातून काढला. गावकरी जमले.

"अप्पा, ऊस वाळून चालला की ओ!"

"उसाला उद्या पाणी मिळंल. उस्मानला दुसरा हात मिळंल का?"

गर्दी पांगली, तसा अप्पांनी नेहमीचा हुकूम सोडला, "घरी फोन लावा. धड हाय म्हणून सांगा." आणि स्वतः शेडमागं गेले. सही घ्यायला मी मागोमाग गेलो, तर फोन स्पीकरवर, पडद्यावर नाव 'घर'. अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, तर कधीच वारल्यात.

"नंबर तिचाच हाय," अप्पा ओशाळले. "फोनच्या कंपनीनं ईट गावच्या एका म्हातारीला दिला. म्या सवयीनं एकदा लावला, तवापास्नं..."

"आरं, बोल की लेकरा!" फोनमधनं आवाज आला. "आज लई येळ लावलास. म्या अजून जेवले न्हाय. तू धड हायस न्हवं?"